जाळीचे पूल बांधणारे आमदार होरेस किंग

होरेस किंग यांच्यावर कुठेही काही छापून आलं तरी दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, त्यांचा जन्म गुलामगिरीत झाला. दोन, ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. दोन्ही खरी आहेत. पण मधली चाळीस वर्षं हा माणूस रोज उठून काय काम करत होता ते कळल्याशिवाय या दोन वाक्यांचा सांधा जुळत नाही. ते नद्यांवर लाकडी पूल बांधत होते. म्हणून आधी पूल पाहू, आणि पुलाच्याही आधी त्यातली खुंटी.

1820 साली इथिएल टाउन नावाच्या वास्तुरचनाकाराने पुलाच्या एका रचनेचं पेटंट घेतलं. त्याआधी लांब पल्ल्याचा लाकडी पूल म्हणजे जाडजूड तासलेल्या तुळया, खाचा-कुसवांचे अवघड सांधे आणि ते करणारे मुरलेले सुतार, असा सगळा खर्चिक मामला असे. टाउनने तुळया बाजूला ठेवल्या आणि साध्या करवती गिरणीतून निघणाऱ्या फळ्या घेतल्या. सुमारे तीन इंच जाड, दहा ते बारा इंच रुंद. या फळ्या एकमेकींवर तिरप्या, फुलीसारख्या टाकायच्या. जिथे दोन फळ्या एकमेकींना छेदतात तिथे आरपार भोक पाडायचं आणि त्यात लाकडाची खुंटी ठोकायची. अशी जाळी पुलाच्या दोन्ही अंगांना उभी करायची. जाळीच्या वरच्या आणि खालच्या कडेने आडव्या लांब फळ्या दोन्ही बाजूंनी जोडून बसवायच्या. या आडव्या पट्ट्यांना आपण वरची आणि खालची कड म्हणू. झाली कैची, म्हणजे पुलाचा भार पेलणारी चौकट, तयार. लोखंड जवळजवळ लागत नाही. हा पूल मैलाच्या हिशेबाने बांधा आणि गजाच्या हिशेबाने कापा, अशी त्याची ख्याती होती. पल्ला वाढला की त्याच मापाची जाळी पुढे वाढवत न्यायची. स्वतः टाउन पूल बांधण्यापेक्षा परवाने विकून पैसे मिळवायचा. आधी विचारून बांधला तर पुलाच्या दर फुटाला एक डॉलर, न विचारता बांधलेला सापडला तर दोन.

आता खुंटी जवळून पाहा. ओकसारख्या कठीण लाकडाची, दीड ते दोन इंच व्यासाची. ती पूर्ण वाळलेली लागते. फळ्या थोड्या ओलसर असल्या तरी चालतात, उलट बरंच. त्या वाळता वाळता आकसतात आणि खुंटीला आवळून धरतात. याच्या उलट झालं, म्हणजे ओली खुंटी वाळलेल्या फळीत गेली, तर खुंटीच बारीक होते आणि सांधा खुळखुळायला लागतो. जाळीच्या साध्या फुलीवर दोन खुंट्या पुरतात. कडेच्या पट्ट्यांशी जिथे जाळी मिळते तिथे तीन-चार लागतात, कारण खरा भार तिथेच एका लाकडातून दुसऱ्यात जातो. एकच खुंटी घातली तर फळी तिच्याभोवती फिरू शकते. दुसरी घातली की फिरणं थांबतं. खुंटीच्या पलीकडे फळीचं टोकही पुरेसं लांब सोडावं लागतं. टोक आखूड राहिलं तर ओढ पडल्यावर खुंटी लाकडाच्या रेषेने चीर पाडत बाहेर निघते. हा दोष बांधताना डोळ्यांना दिसत नाही, पहिला जड गाडा गेल्यावर दिसतो.

कामाचा क्रमही समजून घ्यायला हवा, कारण किंग यांचं खरं कसब त्यातच होतं. काठावर सपाट जागा करायची. तिथे संपूर्ण जाळी आडवी मांडायची, मापं आणि कोन तपासायचे, गिरमिटाने भोकं पाडायची, प्रत्येक फळीवर खूण करायची. मग सगळं सोडवायचं. तोवर नदीत खांब उभे राहिलेले असतात आणि दोन खांबांच्या मध्ये लाकडी परांची रचलेली असते. त्या परांचीवर खुणेबरहुकूम फळ्या पुन्हा जोडत जायचं, खुंट्या ठोकायच्या. मधला भाग मुद्दाम थोडा वर उचललेला ठेवायचा, कारण परांची काढली की पूल आपल्या वजनाने थोडा बसतो. सपाट बांधलेला पूल परांची काढल्यावर पोटात खचलेला दिसतो, आणि खचलेला पूल पुन्हा वर उचलणं नवा बांधण्याइतकंच कष्टाचं. खालच्या कडेवर सगळी ओढ असते, त्यामुळे तिच्या फळ्यांचे जोड एका रेषेत येऊन चालत नाही. शेजारच्या फळीचा जोड कित्येक फूट पुढे हवा, म्हणजे कुठल्याही एका जागी एकच फळी तुटक असते आणि बाकीच्या अखंड.

या रचनेत एक मोठा गुण आहे. एखादी फळी कुजली किंवा मोडली तर तिचा भार शेजारच्या फळ्या वाटून घेतात, पूल लगेच कोसळत नाही. दुरुस्तीला वेळ मिळतो. दोषही तितकाच ठळक. जाळी उंचीला भक्कम पण जाडीला पातळ, त्यामुळे ती बाजूला कलते, पिळवटते. यासाठी माथ्यावर आडव्या तुळया आणि तिरपे आधार देऊन दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट बांधाव्या लागतात. टाउनने स्वतः 1835 मध्ये दुहेरी जाळीचं दुसरं पेटंट घेतलं ते या अशक्तपणावर उपाय म्हणूनच. आणि छप्पर? या पुलांना घरासारखं छप्पर आणि फळ्यांच्या भिंती असतात ते पांथस्थांच्या सोयीसाठी, असं पुष्कळांना वाटतं. ते कैचीसाठी असतं. हजारो भोकं पाडलेल्या लाकडावर पाऊस पडत राहिला तर पाणी खुंट्यांच्या कडेने आत मुरतं आणि दहा-पंधरा वर्षांत सांधे कुजतात. छप्पर शाकारलेलं असेल तर तोच पूल शंभर वर्षं जातो.

हे सगळं किंग यांना कुणा शाळेने शिकवलं नाही. त्यांचा जन्म 8 सप्टेंबर 1807 चा, साउथ कॅरोलायनातल्या चेस्टरफील्ड भागातला. आफ्रिकी, युरोपीय आणि मूळनिवासी कटॉबा अशी तिन्ही रक्तं त्यांच्यात होती. 1830 च्या सुमारास जॉन गॉडविन नावाच्या बांधकाम ठेकेदाराने त्यांना विकत घेतलं. 1832 मध्ये गॉडविनला जॉर्जियातल्या कोलंबस गावाजवळ चॅटाहूची नदीवर पूल बांधायचं कंत्राट मिळालं आणि तो किंगना घेऊन तिकडे गेला. कोलंबस तेव्हा जेमतेम चार वर्षांचं गाव होतं. नदी तिथे खडकांवरून खाली उतरते. समुद्राकडून वर येणारी वाफेची बोट तिथपर्यंतच येऊ शकते. पलीकडचा काठ अलाबामाचा. त्याच 1832 सालच्या तहाने क्रीक या मूळनिवासी लोकांचा तिथल्या जमिनीवरचा सामुदायिक हक्क संपवण्यात आला होता आणि गोरे वसाहतवाले कापसासाठी तिकडे धावत होते. पुलाला एवढी घाई का होती ते यावरून कळतं. हा पूल म्हणजे जॉर्जिया आणि अलाबामा यांना जोडणारा पहिला सार्वजनिक पूल.

त्यानंतर त्याच नदीवर वेस्ट पॉइंट, युफॉला, फ्लॉरेन्स अशी कामं एकामागून एक निघाली. कंत्राटावर नाव गॉडविनचं, पण कामावर टोळी चालवणारे, लाकूड पारखणारे, परांचीचा हिशेब करणारे किंग. गॉडविनची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. 1837 मध्ये त्याने किंग यांची मालकी आपली बायको आणि तिचे काका विल्यम राइट यांच्या नावावर केली. त्या साली बाजार बसला होता, देणेकरी दारात येण्याची भीती होती, आणि होरेस किंग ही त्याच्याकडची सर्वांत मौल्यवान ‘मालमत्ता’ होती. ज्याच्या हातांवर धंदा चालतो तो माणूस जप्तीत जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. जिव्हाळा आणि व्यवहार यांत वेगळे काढता येत नाहीत.

1839 च्या एप्रिलमध्ये किंग यांनी फ्रान्सेस गोल्ड थॉमस हिच्याशी लग्न केलं. ती स्वतंत्र होती. त्या काळच्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरत असे, त्यामुळे किंग स्वतः गुलाम असतानाही त्यांची पाचही मुलं जन्मतः मुक्त होती. गुलाम माणसाला मुक्त स्त्रीशी लग्न करू देणं बहुतेक मालकांच्या हिशेबात बसत नसे, कारण मुलांवर मालकाचा हक्क राहत नाही. किंग यांना ते करता आलं यातून त्यांच्या हुनराची किंमत दिसते.

1841 च्या मार्चमध्ये चॅटाहूचीला मोठा पूर आला. त्याच सुमारास विल्यम हेन्री हॅरिसन राष्ट्राध्यक्षपदी बसले होते, म्हणून लोक त्याला हॅरिसनचा पूर म्हणू लागले. कोलंबसचा पूल त्यात गेला. अशा पुरात पूल पाण्याच्या नुसत्या जोराने सहसा पडत नाही. वरून वाहत येणारी झाडं खालच्या कडेला अडकतात, त्यांच्यामागे कचरा साचून बांधासारखी भिंत तयार होते, आणि मग अख्खी कैची खांबांवरून सरकते. बाजूच्या फळ्यांची भिंत असलेला पूल पाण्याला टेकला की मोठ्या पेटीसारखा तरंगायलाही लागतो. उपाय एकच, खांब उंच घ्यायचे. पण खांब उंच म्हणजे दगडकाम वाढलं, दोन्ही काठांचे भराव वाढले, खर्च वाढला. नवी गावं बहुधा पैसे वाचवायची आणि पुढच्या पुरात तेच पैसे दुप्पट भरायची. कोलंबसचा पूल गॉडविन आणि किंग यांनी पुन्हा बांधला.

या काळात किंग यांचा संबंध रॉबर्ट जेमिसन या अलाबामातल्या टस्कलूसाच्या श्रीमंत गिरणीमालकाशी आला. जेमिसनच्या लाकडाच्या गिरण्या होत्या आणि तो राज्याच्या विधिमंडळातही होता. मिसिसिपीतल्या कोलंबस भागातले पूल त्याच्यासाठी किंग यांनी बांधले. दोन्ही कोलंबस वेगळी, घोटाळा करू नये. अलाबामात तेव्हा मुक्त झालेल्या गुलामाने राज्य सोडून जावं असा कायदा होता. राहायचं असेल तर विधिमंडळाने त्या माणसाच्या नावाने खास कायदा करायला हवा. जेमिसनने तो पुढे रेटला आणि 3 फेब्रुवारी 1846 रोजी किंग कायद्याने मुक्त झाले, राज्यातच राहण्याच्या परवानगीसह. ज्या विधिमंडळाने त्यांना माणूस म्हणून मोजायला मतदान घेतलं, त्याच विधिमंडळात बावीस वर्षांनी ते निवडून आले.

1849 च्या डिसेंबरात माँटगोमेरीतलं अलाबामाचं राज्यभवन जळालं. नवं बांधताना लाकडी सांगाड्याचं काम किंग यांच्याकडे आलं. दर्शनी दालनातले दोन गोल जिने त्यांच्या नावावर आहेत. जिना वळत वळत तीन मजले चढतो आणि मध्ये खांब नाही. पायऱ्यांखालच्या तुळया एका टोकाला भिंतीत पक्क्या धरल्या आहेत आणि दुसरं टोक मोकळं सोडलं आहे, त्यामुळे जिना हवेत लोंबकळल्यासारखा दिसतो. पूल बांधणाऱ्याला हे गणित ओळखीचं: वजन कुठून कुठे उतरतं याचा विचार पक्का असेल तर आधार कमी लागतो. जिने आजही उभे आहेत.

1855 च्या सुमारास जॉर्जियात चॅटाहूचीवर मूर्स ब्रिज झाला. इथे किंग यांनी मजुरीऐवजी पुलात भागीदारी घेतली. हिशेब सोपा होता. पूल खाजगी, येणाऱ्या-जाणाऱ्यावर टोल. ठेकेदाराला एकदाच पैसे मिळतात, भागीदाराला रोज. फ्रान्सेस आणि मुलं पुलाशेजारी राहायला गेली, टोल गोळा करणं आणि शेती सांभाळणं तिच्याकडे, आणि किंग दुसरीकडची कामं घेत फिरत. दक्षिणेत 1855 साली एका कृष्णवर्णीय कुटुंबाने नदीवरच्या पुलाचा टोल घ्यावा, ही मला त्यांच्या आमदारकीइतकीच मोठी गोष्ट वाटते.

1859 मध्ये गॉडविन वारला, बराचसा कफल्लक होऊन. किंग यांनी त्याच्या कबरीवर स्मारक उभारलं. आपल्या गमावलेल्या मित्रासाठी आणि पूर्वीच्या मालकासाठी प्रेमाने आणि कृतज्ञतेने, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरला आहे. गुलामगिरी तितकी वाईट नव्हती असं सांगणारे लोक या दगडाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. 1859 च्या अलाबामात मुक्त कृष्णवर्णीयाचं राहणंसुद्धा गोऱ्या शेजाऱ्यांच्या मर्जीवर होतं, आणि त्या मजकुराचे वाचक तेच शेजारी होते. कृतज्ञता खरीही असेल. पण एका दगडावरून व्यवस्थेचा न्याय करता येत नाही.

मग गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध आलं. दक्षिणेच्या सरकारने किंग यांना कामाला जुंपलं. उत्तरेच्या युद्धनौका वर येऊ नयेत म्हणून अपालाचिकोला नदीत अडथळे घालायचे, कोलंबसच्या नौदल कारखान्यासाठी बांधकाम करायचं, चिलखती जहाजाला लाकूड पुरवायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. जुलै 1864 मध्ये उत्तरेच्या घोडदळाने मूर्स ब्रिज जाळला. तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर 1864 च्या सुरुवातीला, फ्रान्सेस वारली. 16 एप्रिल 1865 ची कोलंबसची लढाई पुलांवरच झाली आणि त्या धामधुमीत शहराचे पूल जळाले. जाळीचा पूल पेटला की वाचत नाही. चहूकडून हवा खेळती, वाळलेलं पाइन, वर छप्पर; भट्टीच ती.

युद्ध संपलं तेव्हा किंग 57 वर्षांचे होते. पुढची तीन-चार वर्षं त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कामाची. कोलंबसचा जुना पूल पुन्हा उभा केला, कापसाचं मोठं गोदाम बांधलं, वेस्ट पॉइंटचा पूल बांधला, ओपेलायका इथलं ली काउंटीचं न्यायालय बांधलं. मुलगे हाताखाली तयार झाले होते, त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी काम चाले.

विधिमंडळातला भाग याच काळातला. युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्यासाठी केलेल्या 1867 च्या पुनर्रचना कायद्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. किंग यांनी रसेल काउंटीत मतदार नोंदणीचं काम पाहिलं. 1868 मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे अलाबामाच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, आणि 1870 मध्ये पुन्हा. पहिल्या निवडणुकीनंतर सभागृहात जाऊन बसायला त्यांनी वर्षाहून जास्त काळ लावला. फार भाषणं केली नाहीत, फार विधेयकं आणली नाहीत. काही लेखक हे त्यांचं उणं धरतात. मी धरत नाही. अर्ध्या बांधलेल्या पुलाची परांची नदीत असेल आणि पाऊस तोंडावर असेल तर ठेकेदार माँटगोमेरीला जाऊन बसू शकत नाही. परांची वाहून गेली तर टोळीचा पगार त्याच्या खिशातून जातो. आणि त्या काळात कृष्णवर्णीय आमदार, मतदार, शिक्षक यांच्यावर पाळत होती, रात्री घरं जाळली जात होती. 1872 मध्ये मुदत संपल्यावर ते परत उभे राहिले नाहीत. कुटुंब घेऊन जॉर्जियातल्या लाग्रँजला गेले आणि तिथे पूल, दुकानं, शाळा बांधत राहिले. 28 मे 1885 रोजी तिथेच वारले.

त्यांचे मोठे पूल एकही उरलेले नाहीत. कुठला पुरात गेला, कुठला आगीत. जो उरला असं मानतात तो लहान आहे: जॉर्जियात वुडबरीजवळचा रेड ओक क्रीकचा पूल, 1840 च्या दशकातला. दोन्ही बाजूंचे उतार धरून लांबी 391 फूट, त्यातला छपराखालचा भाग सुमारे 116 फूट, आणि त्यात सुमारे 2500 लाकडी खुंट्या. आत उभं राहून बाजूच्या जाळीकडे पाहिलं की वर सांगितलेलं सगळं दिसतं. प्रत्येक फुलीवर खुंटीची गोल डोकी, कडेच्या पट्टीवर दाट, मध्ये विरळ.

धंदा मुलांनी पुढे नेला. थोरल्या वॉशिंग्टन किंगने ईशान्य जॉर्जियात ब्रॉड नदीच्या दक्षिण फाट्यावर वॉटसन मिलचा पूल बांधला, 229 फूट, तीच टाउनची जाळी, त्याच लाकडी खुंट्या. साल 1885, वडील गेले तेच. तो पूल आपल्या मूळ जागी, त्याच नदीवर अजून उभा आहे.